पाच भाकरींची पंगत

दुष्काळात आधी धान्य संपतं की धीर, हे सांगणं अवघड आहे. धान्य संपलेलं डोळ्यांना दिसतं. धीर सुटलेला दिसत नाही. शेजाऱ्याची चूल दोन दिवस पेटलेली नाही हे ठाऊक असूनही आपण आपल्या कणगीचं झाकण घट्ट बसवतो, तेव्हा तो सुटलेला असतो. अशा वेळी धर्म माणसाच्या काय उपयोगी पडतो? ख्रिस्ती श्रद्धेने या प्रश्नाला दिलेलं उत्तर समजून घेण्यासारखं आहे.

येशूने शिष्यांना शिकवलेल्या छोट्याशा प्रार्थनेत भाकरी मागितलेली आहे. पण ती 'माझी' नाही, 'आमची' आहे. वर्षाची नाही, रोजची आहे. भाकरी 'आमची' म्हटली की शेजारचा उपाशी माणूसही त्या प्रार्थनेत येतो. 'रोजची' म्हटली की साठेबाजीला तोंड उरत नाही. मग उद्याची तजवीज करूच नये का? तसंही नाही. बायबलमधल्या योसेफाने, म्हणजे कुराणातल्या हजरत यूसुफने, सुकाळाच्या सात वर्षांत दुष्काळाच्या सात वर्षांसाठी मिसर देशाची कोठारं भरून ठेवली. देशासाठी भरलेलं कोठार वेगळं आणि भाव चढावा म्हणून दडवलेलं पोतं वेगळं.

पाच हजारांच्या जेवणाची कथा पुष्कळांना माहीत असेल. एका मुलाजवळ जवाच्या पाच भाकरी आणि दोन मासे होते. जव म्हणजे गरिबाचं धान्य. येशूने लोकांना गवतावर शंभर-शंभर, पन्नास-पन्नासांच्या पंगतीने बसवलं, आभार मानले आणि भाकरी मोडून वाटायला दिली. जेवणं झाल्यावर उरलेले तुकडे वाया जाऊ न देता गोळा करायला सांगितले. त्या बारा टोपल्या भरल्या. आपण चमत्कारापाशीच थांबतो. पण जवळ असेल ते पुढे आणणं, गर्दीला शिस्तीने बसवणं, सर्वांना पोचेल असं वाटणं आणि उरलेलं जपणं, हे तर आपल्याही हातचं आहे. कुराणातल्या पाचव्या सूरेचं नावच 'माइदा', म्हणजे अन्न वाढलेलं दस्तरखान. हजरत ईसांच्या सोबत्यांनी आकाशातून तसं अन्न मागितल्याची हकीकत तिच्यात आहे. भाकरीपाशी आमचे धर्म असे जवळ येतात.

याचं रोकडं उदाहरण आपल्याच मुलखात आहे. पंडिता रमाबाईंनी 1870च्या दशकातल्या दुष्काळात आईवडील गमावले. भावाबरोबर त्या उपाशीतापाशी, पायी हिंडल्या. 1883 साली इंग्लंडमध्ये त्यांनी बाप्तिस्मा घेतला आणि 1889 साली मुंबईत शारदा सदन काढलं. अमेरिकेतल्या हितचिंतकांनी दहा वर्षांपुरती मदत कबूल केली होती. पुढे संस्थेने स्वतःच्या पायावर उभं राहावं म्हणून रमाबाईंनी पुणे जिल्ह्यात केडगावला फळबागेसाठी जमीन घेतली. 1896-97 मध्ये मध्य प्रांतात दुष्काळ पडला तेव्हा त्या स्वतः तिकडे गेल्या आणि सुमारे 300 मुली-बायकांना घेऊन आल्या. त्यांच्यासाठी केडगावची जमीन कामी आली. छप्पनियाच्या दुष्काळानंतर, 1900च्या सुमारास, मुक्ति सदनातली संख्या दोन हजारांच्या घरात गेली.

इतक्या माणसांना नुसत्या प्रार्थनेवर जगवता येत नाही, हे रमाबाई जाणून होत्या. प्रार्थना रोज होती. तशाच विहिरी खणल्या गेल्या, शेती झाली, विणकाम आणि तेलाचा घाणा चालला. अंध मुली ब्रेल शिकल्या. छापखान्यात बायकाच खिळे जुळवीत. रमाबाईंनी मूळ भाषांवरून मराठीत आणलेलं बायबल त्यांच्या मृत्यूनंतर, 1924 साली, प्रसिद्ध झालं. भाकरीसाठी आलेल्या बाईच्या हाती तिथे काम आणि अक्षर दोन्ही पडलं.

या कामावर धर्मांतराच्या कारणाने टीका झाली. उपाशी माणसाला आपली श्रद्धा निवडण्याची मोकळीक कितपत असते, हा प्रश्न रास्त आहे. भाकरी देणाऱ्या प्रत्येक धर्माने, माझ्याही, तो स्वतःला विचारावा. त्याचं माप बायबलच्या त्या कथेतच आहे. पंगतीला बसलेल्या एकालाही, तू कोण, कुठला, काय मानतोस, असं विचारल्याचं तिथे कुठेही नाही.

2016 साली मिरजेहून लातूरला रेल्वेने पाणी न्यावं लागलं, ते आपण विसरलेलो नाही. टंचाई पुन्हा येईल. टँकरमागे रांग लागेल तेव्हा शेवटच्या घागरीपर्यंत पाणी पोचतं की नाही, यावरच त्या गावातल्या सगळ्या प्रार्थनांची परीक्षा होईल.