कार्बनच्या बुटाचा आवाज ऐका

स्पीड स्केटिंगचा बूट घोट्याच्या हाडाच्या आसपासच संपतो. आइस हॉकीच्या किंवा फिगर स्केटिंगच्या बुटासारखा तो नडगीपर्यंत चढत नाही. त्यामुळे पाय सावरण्याचं सगळं काम टाचेभोवतीची वाटी आणि तळ यांच्याकडे येतं. वळणावर एका पायावर झुकलेल्या स्केटरचा भार तळाला लावलेल्या दोन बोल्टांमधून चाकं धरणाऱ्या फ्रेमकडे उतरतो. हा बूट कार्बन फायबरचा करतात तो वजन कमी व्हावं म्हणून, आणि पायाने लावलेला जोर बूट वाकण्यात वाया न जाता चाकांपर्यंत पोहोचावा म्हणूनही.

हांगझोच्या आशियाई स्पर्धेत 2 ऑक्टोबर 2023 रोजी भारताच्या पुरुष आणि महिला अशा दोन्ही संघांनी स्पीड स्केटिंगच्या 3000 मीटर रिलेत कांस्यपदक मिळवलं. पुरुष संघातले विक्रम इंगळे आणि सिद्धांत कांबळे महाराष्ट्राचे. आपल्याकडे या खेळात उतरलेली मुलं थोडी पुढे गेली की घरात मापाच्या बुटाचा विषय निघतोच. पायाचा साचा घेऊन बनवलेला बूट बहुधा परदेशातून येतो आणि त्याची किंमत मध्यमवर्गीय घराला जड जाते. त्यात पुढे भेग दिसली किंवा घोटा सोलवटला, तर तो परत पाठवायचा म्हणजे कुरिअर, कस्टम्स आणि हातून गेलेला हंगाम. म्हणून बुटात नेमकं काय बिघडलंय, हे पालकांना आणि प्रशिक्षकांना इथेच ओळखता आलं पाहिजे. गोम अशी की डोळ्यांना खुपणारे दोष बहुतेकदा किरकोळ निघतात आणि खरे धोक्याचे दोष वरून दिसतच नाहीत.

कार्बनचा एक तंतू 5 ते 7 मायक्रॉन जाडीचा असतो. अशा हजारो तंतूंच्या पट्ट्यांचं कापड विणतात, ते पायाच्या साच्यावर थरावर थर अंथरतात आणि रेझिनने एकजीव करतात. गोधडीतल्या चिंध्यांना टाके धरून ठेवतात, तसं इथे थरांना रेझिन धरून ठेवतं. ताण सोसतो तंतू, पण थर एकमेकांवरून सरकू न देणं हे रेझिनचं काम. ही पकड कुठे सुटली की वरची वीण जशीच्या तशी दिसते, आतून मात्र थर वेगळे झालेले असतात.

यातले काही दोष बूट घडतानाच राहतात. तळव्याच्या कमानीखाली किंवा टाचेच्या वाटीच्या कडेला जिथे आत वळणारा कोपरा येतो, तिथे कापड नीट दाबलं गेलं नाही तर ते कोपऱ्यावरून ताणून बसतं आणि खाली पोकळी राहते. कापडाला सुरकुती पडली तर तिथले तंतू सरळ राहत नाहीत आणि ताकद घटते. टाचणीच्या टोकाएवढी छिद्रं दिसतात ती बहुधा रेझिनमधल्या हवेच्या बुडबुड्यांची. त्यांनी बिघडलं तर दिसणंच बिघडतं, त्यांच्यासाठी झोप उडवून घेऊ नये.

तपासायला बसताना फ्रेम काढा, लेस सोडा, आतला सोल बाहेर घ्या, बूट ओल्या फडक्याने पुसून कोरडा करा. मग खिडकीपाशी जाऊन उजेड तिरका पडेल असा तो धरा. भेग दिसली तर तिच्यावरून आडवं नख फिरवा. केसासारखी बारीक, नखाला न लागणारी, वळणं घेत जाणारी रेघ सहसा वरच्या पारदर्शक लेपापुरती असते. नख अडकलं, रेघ विणीच्या दिशेने सरळ धावत असेल, तिच्या कडेला पांढुरकेपणा असेल किंवा तीच रेघ आतल्या बाजूनेही सापडली, तर भेग तंतूंपर्यंत गेली असं समजा.

त्यानंतर नाणं घ्या. दहा रुपयांचं चालतं. बूट मांडीवर ठेवून तळावर टाचेकडून चवड्याकडे बोटभर अंतराने हलके टिचके मारत जा. जिथे थर एकसंध आहेत तिथे आवाज खणखणीत येतो. थर सुटलेल्या जागी तो एकदम भद्द होतो. विमानांचे कार्बनचे भाग तपासतानाही ही टिचकीची पद्धत वापरतात, त्यामुळे तिला घरगुती म्हणून कमी लेखू नका. एक मात्र ध्यानात ठेवा. तळाची जाडी बदलली की आवाज बदलतो आणि बोल्टाच्या धातूपाशीही तो वेगळाच येतो. म्हणून डाव्या बुटावर जी जागा वाजवली तीच लगेच उजव्यावर वाजवून पाहा. एकाच बुटात भद्द आवाज आला, तर त्या भागाची हद्द पेन्सिलीने आखून घ्या. शेवटी टाच एका हातात आणि चवडा दुसऱ्या हातात धरून बूट पिळा. करकर ऐकू आली, किंवा एक बूट दुसऱ्याहून जास्त वळला, तर नाण्याने सांगितलेलं खरं आहे.

सगळ्यात जास्त वेळ बोल्टांच्या जागेला द्या, कारण माझ्या मते बुटाचं आयुष्य तिथेच ठरतं. आटे पाडलेला धातूचा तुकडा कार्बनच्या थरांमध्ये बसवलेला असतो. बोल्ट सैल ठेवून स्केटिंग केलं की तो तुकडा जागेवर डुलायला लागतो आणि भोवतीचं रेझिन चुरतं. गरजेपेक्षा लांब बोल्ट आवळला तर तो वर घुसून आतला तळ उचलतो. मूल पायाखाली काहीतरी टोचतंय म्हणतं आणि आपण मोजे बदलत राहतो. तिसरं कारण घामाचं. ॲल्युमिनियम आणि कार्बन एकमेकांना चिकटून असले आणि मध्ये खारट ओल आली, की ॲल्युमिनियम गंजायला लागतं आणि पांढरी भुकटी दिसते. सरावानंतर बूट पिशवीत कोंबण्याऐवजी सोल काढून उघड्यावर वाळवला, तर हे बरंच टळतं.

माउंट, म्हणजे तळावर बोल्टाने फ्रेम बसते ती जागा, तिरका आहे, ही तक्रार हमखास ऐकू येते. बूट सपाट काचेवर ठेवून दोन्ही माउंट टेकतात का पाहा. त्यांच्यात पीळ असेल तर बोल्ट आवळताना फ्रेमही पिळते, आणि तो बनवणाऱ्याचा दोष आहे. पण माउंट मध्यरेषेवर नाही, एवढ्यावरून बूट सदोष ठरवू नका. उदाहरणार्थ, बर्फावरच्या शॉर्ट ट्रॅकमध्ये वळणं फक्त डावीकडे असतात. झुकल्यावर बूट बर्फाला घासू नये म्हणून तिथे दोन्ही पायांची पाती मुद्दाम डावीकडे सरकवून लावतात.

बूट पायाला लागतो, हा वेगळा विषय. इथे दुखतंय, असं मूल दाखवतं ती जागा बऱ्याचदा दोन बोटं इकडेतिकडे असते. घोट्याच्या हाडावर मोज्यावरून लिपस्टिकचा ठिपका लावा, बूट घालून बांधा, उभं करा आणि काढा. आतल्या अस्तरावर डाग उमटेल तीच खरी जागा. पुढे काय करायचं ते रेझिनवर ठरतं. काही बुटांचं रेझिन उष्णतेने मऊ होतं. उत्पादकाने सांगितलेल्या तापमानाला ओव्हनमध्ये तापवून त्यांना पायावर पुन्हा आकार देता येतो. दुसऱ्या जातीचं रेझिन एकदा घट्ट झालं की आकार बदलत नाही. त्यावर हीट गन धरली तर ते फक्त जळतं. अशा बुटात अस्तर पातळ करून किंवा आतून घासून जागा करावी लागते, आणि जेवढं आतून घासलं तेवढा नवा थर बाहेरून चढवावा लागतो. आपला बूट कोणत्या जातीचा आहे ते कळेपर्यंत त्याला आच लावू नका. उष्णतेने वळणारा बूट मे महिन्यात नागपूरच्या उन्हात गाडीच्या डिकीत ठेवणंही धोक्याचंच.

कडेच्या भिंतीवरची भेग किंवा वाटीवरचा छोटा भद्द भाग हाताशी वेळ आणि संयम असेल तर दुरुस्त होतो. सुटलेले थर पॉलिश पेपरने घासून काढा आणि कडा उतरती करा, दर थराला साधारण 12 मिलिमीटर. जुन्या-नव्या थरांना एकमेकांना धरायला जागा मिळते ती या उतारातच. घाईने चिकटवलेले पॅच निघतात ते इथे कंजुसी केल्यामुळे. रेझिन इपॉक्सीचंच घ्या. पॉलिएस्टर स्वस्त पडतं, पण इपॉक्सीवर त्याची पकड कच्ची राहते. घासलेल्या जागेवर थोडं पाणी टाका. ते सलग पसरलं तर जागा स्वच्छ आहे, थेंब थेंब झाले तर तेलकटपणा उरलाय. मग पूर्ण वाळवा आणि कापडाची वीण मूळ दिशेतच ठेवून थर द्या. दुसऱ्या दिवशी रेझिन कडक लागेल, पण खरी ताकद यायला आठवडा लागतो. तोपर्यंत मुलाला रिंकवर सोडू नका. घासताना चांगला मास्क, हातमोजे आणि चष्मा हवाच. ती काळी धूळ फुप्फुसात जाऊ देऊ नये आणि कातडीत शिरलेले तंतू दिवसभर खाजतात.

या कामांचा क्रमही चुकवू नका. घरच्या तापमानाला घट्ट झालेलं इपॉक्सी पुढे तापवलं की मऊ पडतं. त्यामुळे बुटाला आकार द्यायचा असेल तर तो आधी द्या आणि पॅच नंतर लावा.

बोल्टाचा धातू डुलत असेल तर मात्र घरी हात घालू नका. बोल्टाच्या भोकात इपॉक्सी ओतलं की तो घट्ट झाल्यासारखा वाटतो, पण आतला चुरा तसाच राहतो. तळ उघडून, धातू काढून, त्याच्याभोवती काचतंतूचा थर देऊन तो पुन्हा बसवणं आणि दोन्ही माउंट एका पातळीत आणणं हे कंपोझिटचं काम करणाऱ्या कारागिराकडे सोपवावं. पुढच्या बोल्टापासून निघालेली भेग तळाच्या एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत पोहोचली असेल, तर तो बूट बाद करा. कार्बन मोडण्याआधी सहसा वाकत नाही, आणि वेगात, वळणावर फ्रेम सुटली तर मूल थेट डांबरावर आपटतं.

मुलांचे पाय वाढतात, म्हणून जुन्या बुटांची देवघेव स्केटिंगच्या कुटुंबांमध्ये नेहमी चालते, आणि ती चालू राहावी. घेणाऱ्याने पैसे देण्याआधी फ्रेम काढून दाखवायला सांगावं, सोलखाली बोट फिरवून पाहावं, बोल्ट हाताने शेवटपर्यंत सहज फिरतो का बघावं आणि दोन्ही तळ नाण्याने वाजवावेत. विकणाऱ्यानेही दुरुस्ती कुठे आणि कोणत्या रेझिनने केली ते सांगून टाकावं, म्हणजे नवा मालक तो बूट न विचारता ओव्हनमध्ये ठेवणार नाही.