अक्षता पडल्या की चित्र का फुटतं?

लग्नाच्या व्हिडिओतला सर्वात अवघड क्षण कोणता? तुम्ही म्हणाल, मुलीची पाठवणी. कॉम्प्युटरच्या लेखी मात्र तो क्षण म्हणजे 'शुभमंगल सावधान'! मंगलाष्टक चालू असतं तोवर सगळं निवांत असतं. भटजी, मामा, मुंडावळ्या, मागचा मंडप, सारं जागच्या जागी. 'सावधान' म्हटलं की शेकडो हातांतून अक्षता उडतात आणि पडद्यावर चौकोन नाचू लागतात. रायगड जिल्ह्यातल्या तळा गावात कुठल्याही घरात लग्नाची जुनी सीडी लावून बघा. प्रत्येक मंगलाष्टक संपलं की नवरानवरीचे चेहरे क्षणभर चौकड्यांचे होतात. यात कॅमेरावाल्याचा काहीएक दोष नाही.

फुल एचडी व्हिडिओ जसाच्या तसा साठवायचा तर सेकंदाला 155 एमबीहून जास्त जागा लागते. म्हणजे 4 जीबीचा पेन ड्राइव्ह 26 सेकंदांत खलास. भटजींनी चाल जरा लांबवली तर एक मंगलाष्टकसुद्धा पुरतं बसायचं नाही. म्हणून कोडेक नावाचा हिशेबनीस लागतो. तो एक चित्र पूर्ण लिहून ठेवतो आणि पुढच्या चित्रांत फक्त काय हललं, कुठे सरकलं, तेवढंच टिपतो. जुन्या एमपेग पद्धतीत चित्राचे 16 बाय 16 पिक्सेलचे चौकोन पाडून हे काम चालतं. अक्षतेचा प्रत्येक दाणा वेगळ्या दिशेला उडतो, जवळपास सगळंच बदलतं, सेकंदाला ठरवून दिलेली जागा अपुरी पडते आणि चौकोन उघडे पडतात. पालखीवर उधळलेला गुलाल आणि जुलैत तळगडावर कोसळणारा पाऊस यांचीही हीच गत. याउलट कुडा लेण्यांतले हत्ती आणि युगुलं स्टँडवर कॅमेरा ठेवून टिपा. दगड हलत नाही, फाइल लहान होते आणि चित्रही देखणं येतं. हातात कॅमेरा हलला की मात्र स्थिर लेणंसुद्धा कोडेकला हलतं दिसतं. स्टँड वापरा, एवढ्यासाठीच!

ती जुनी सीडी म्हणजे व्हीसीडी. 1993 साली तिचे नियम ठरले : चित्र 352 बाय 288 पिक्सेलचं, एका तबकडीत साधारण 74 मिनिटं. आपले सिनेमे अडीच-तीन तासांचे, म्हणून दोन किंवा तीन तबकड्या आणि तबकडी बदलताना घरातच मध्यंतर. 2007च्या सुमारास मोझर बेअर कंपनीने 28 रुपयांत सिनेमाची व्हीसीडी आणि 34 रुपयांत डीव्हीडी आणली, तेव्हा अस्सल तबकडी विकत घेणं सामान्य घराला परवडू लागलं. आता तीच व्हीसीडी नव्या फोरके टीव्हीवर धूसर दिसते. दिसणारच, टीव्हीचे पिक्सेल तिच्या 82 पट आहेत. सीडीच्या 'एमपेगएव्ही' फोल्डरमधली डीएटी फाइल म्हणजे तुमचा खरा व्हिडिओ, तीच कॉपी करायची.

आता एक घोळ मिटवू. एव्हीआय, एमपी4, एमकेव्ही ही सगळी डब्यांची नावं आहेत. आत भाजी कोणती, ते डब्यावरून कळत नाही. एव्हीआय हा डबा मायक्रोसॉफ्टने 1992 साली आणला. एमपी4 अ‍ॅपलच्या क्विकटाइमवरून घडला. 2002चा एमकेव्ही सगळ्यांत ऐसपैस : एकाच फाइलमध्ये मराठी, हिंदी, इंग्रजी आवाज आणि वर सबटायटल्स. आतला कोडेक एच.264 असेल (जन्म 2003) तर गेल्या दहा-बारा वर्षांतला बहुतेक कुठलाही टीव्ही किंवा मोबाइल तो चालवतो.

शिमग्याला गावी आलेला भाचा आयफोनवर पालखी टिपतो, पेन ड्राइव्हवर घालून देतो आणि घरच्या टीव्हीवर नुसता ढोल ऐकू येतो, पडदा काळा! कारण 2017पासून आयफोन एचईव्हीसी या कोडेकमध्ये चित्रण करतात आणि बऱ्याच जुन्या टीव्हींना तो कळत नाही. फाइलच्या नावातलं 'एमओव्ही' खोडून 'एमपी4' लिहिल्याने काही होत नाही. भाच्याने फोनच्या कॅमेरा सेटिंगमध्ये फॉरमॅट 'मोस्ट कम्पॅटिबल' केला की पुढच्या पालखीला अडचण नाही. उलटा प्रकारही होतो : चित्र छान, आवाज गायब. तिथे बहुधा डीटीएस किंवा डॉल्बी आवाजाचं घोडं अडलेलं असतं. या कोडेकांवर पेटंटं आहेत, वापरायचे पैसे पडतात. विंडोजवर एचईव्हीसी चालवायची मायक्रोसॉफ्टची पुरवणी 99 सेंटला विकली जाते ती त्यामुळेच. या कटकटीला कंटाळून गूगल, अ‍ॅमेझॉन, नेटफ्लिक्स वगैरे मंडळी एकत्र आली आणि 2018 साली त्यांनी एव्ही1 हा फुकट वापरता येणारा कोडेक काढला.

प्लेअरांत माझं मत स्वच्छ आहे : व्हीएलसी. 1996च्या सुमारास पॅरिसजवळच्या एका इंजिनिअरिंग कॉलेजातल्या मुलांना वसतिगृहाचं नेटवर्क वेगवान हवं होतं, मुख्यतः गेम खेळायला. नव्या नेटवर्कला सबळ कारण हवं, म्हणून त्यांनी सॅटेलाइट टीव्ही नेटवर्कवरून थेट प्रत्येकाच्या कॉम्प्युटरवर दाखवायचं ठरवलं. त्यातून हा प्लेअर जन्मला आणि 2001 साली सर्वांसाठी मुक्त झाला. त्याचा नारिंगी शंकू आला तो मुलांच्या नादातून. रस्त्यावरचे वाहतुकीचे शंकू गोळा करून त्यांनी ढीग लावला होता. डिसेंबरात नाताळ जवळ आला की तो शंकू सांताची लाल टोपी घालतो, बघून ठेवा.

बहुतेक सगळे कोडेक व्हीएलसीच्या पोटातच असतात, वेगळं काही टाकावं लागत नाही. अर्धवट उतरलेली फाइलही तो जमेल तितकी दाखवतो. आवाज शंभर टक्क्यांच्या पुढे 125पर्यंत जातो, मेनू मराठीत करता येतात, जाहिरात एकही नाही. 600 कोटी वेळा डाउनलोड होऊनही नाही! 2022 साली त्याची वेबसाइट भारतात काही महिने बंद केली गेली होती, नोव्हेंबरमध्ये पुन्हा उघडली. कॉम्प्युटरवर आधीच असलेला प्लेअर त्या काळातही चालूच होता.

कॉम्प्युटर फारच म्हातारा असेल तर मीडिया प्लेअर क्लासिक हलका पडतो. मोबाइलवरच्या एमएक्स प्लेअरची सुरुवात कोरियातली. मग तो टाइम्स समूहाकडे आला आणि 2024 साली अ‍ॅमेझॉनकडे गेला. त्यात चित्र अडखळलं तर 'एचडब्ल्यू' बटण दाबून 'एसडब्ल्यू' करून बघा. मोबाइलच्या खास चिपऐवजी मुख्य प्रोसेसर काम करू लागतो. बॅटरी जास्त खाते, पण बऱ्याचदा चित्र सुटतं.

काही सुटे दाणे. मराठी सबटायटलच्या जागी चौकटी किंवा भलतीच अक्षरं आली तर एसआरटी फाइल नोटपॅडमध्ये उघडून 'यूटीएफ-8'मध्ये सेव्ह करा. त्याच फाइलमध्ये सेकंदांनंतर टिंबाऐवजी स्वल्पविराम असतो, कारण ती पद्धत फ्रान्समध्ये तयार झाली आणि फ्रेंच लोक दशांशाला स्वल्पविराम देतात. 4 जीबीहून मोठी फाइल पेन ड्राइव्ह घेत नसेल तर ड्राइव्ह 'फॅट32' आहे. तो 'एक्सफॅट' करून घ्या, मात्र आधी आतलं सगळं दुसरीकडे काढून ठेवा, आणि टीव्हीला एक्सफॅट चालतो का तेही तपासा. व्हॉट्सअ‍ॅपवर व्हिडिओ नेहमीसारखा पाठवला की तो पिळून लहान होतो; 'डॉक्युमेंट' म्हणून पाठवा, 2 जीबीपर्यंत जसाच्या तसा पोचतो.

आता अगदी मनापासून सांगायचं ते. आपल्याकडच्या दमट हवेत व्हीएचएस कॅसेटच्या फितीला बुरशी धरते, घरी लिहिलेल्या सीडीचा रंगथर वर्षागणिक खराब होतो. जगातल्या शेवटच्या व्हीसीआर कारखानदाराने, जपानच्या फुनाईने, 2016 साली उत्पादन थांबवलं. चालू स्थितीतला व्हीसीआर आता शोधावा लागतो. त्या फितींत आजी-आजोबांचे चालते-बोलते चेहरे आहेत आणि त्यांचा आवाज दुसरीकडे कुठेही नाही. येत्या गणपतीत चाकरमानी घरी आले की कपाटातल्या सीड्या आणि कॅसेटी बाहेर काढा. एच.264, एमपी4 करून घ्या, मूळ फाइल पुसू नका आणि दोन हार्ड डिस्कवर प्रती ठेवा : एक तळ्याच्या घरी, दुसरी मुंबईला.