हमालाची पाठ आणि एम.आर.आय.

शहागंज-गुलमंडीच्या कापडपेठेत आमची उमर गेली. ताग्यातला दोष आमच्या नजरेतून सुटत नाही. पण गाठ वाहणाऱ्याच्या पाठीतला दोष आम्हाला उशिरा दिसला.

आमचा एक हमाल गाठीसह माळ्याच्या जिन्यावरून घसरला. एक्स-रे काढला, हाड शाबूत निघाले. आम्ही निश्चिंत झालो आणि मालिशवाल्याकडे पाठवले. तीन आठवड्यांनी त्याच्या डाव्या पायातली चप्पल निसटायची आणि त्याला पत्ताच नसायचा. तेव्हा कुठे एम.आर.आय. झाला. दोन मणक्यांमधली गादी सरकून नस दाबली गेली होती. ऑपरेशन झाले. आज तो चालतो. पण गाठ उचलत नाही, दुकानात कापड मोजतो.

यात गाफीलपणा आमचा होता. एक्स-रे म्हणजे मागाची लाकडी चौकट पाहणे. सी.टी. स्कॅन हाडाची बारीक चीरही दाखवतो. पण गादी, नसा, मज्जारज्जू, त्यावरची सूज व रक्तस्राव, म्हणजे आतले सूत तुटले की दबले, हे एम.आर.आय. सर्वात चांगले सांगतो. यात क्ष-किरण नसतात. शरीरातल्या पाण्याच्या हायड्रोजनकडून चुंबक व रेडिओ लहरींनी संकेत मिळवून चित्र तयार होते. या शोधाबद्दल लॉटरबर व मॅन्सफिल्ड यांना 2003 चे नोबेल मिळाले.

नेहमीच्या 1.5 टेस्ला यंत्राचे चुंबक पृथ्वीच्या चुंबकशक्तीच्या सुमारे 30,000 पट असते. जानेवारी 2018 मध्ये मुंबईच्या नायर रुग्णालयात ऑक्सिजनचे सिलिंडर आत गेले आणि एका तरुणाचा जीव गेला. म्हणून पेसमेकर, शरीरातली धातूची पट्टी किंवा डोळ्यात गेलेला लोखंडाचा कण, हे आधीच सांगावे. लोहार व वेल्डिंगवाल्या बांधवांनी तर विसरूच नये.

प्रत्येक पाठदुखीला ही महाग तपासणी लागत नाही. बहुतेक दुखणी काही आठवड्यांत बरी होतात. शिवाय ज्यांना काहीच त्रास नाही अशांच्या चित्रातही सरकलेली गादी दिसते. तपासणी डॉक्टरांच्या सल्ल्यानेच करावी. मात्र पडल्यानंतर हातापायात बधिरपणा किंवा कमजोरी आली, मांड्यांमधला भाग सुन्न झाला, लघवी अडली वा शौचावरचा ताबा गेला, तर एक दिवसही थांबू नये. घाटी किंवा जवळचे मोठे रुग्णालय गाठावे.

आणि पडलेल्याला हातपाय धरून उचलू नये. मान-पाठ सरळ ठेवून, तिघाचौघांनी मिळून फळीवर घ्यावे, रुग्णवाहिका बोलवावी.

गाठीचा विमा आपण उतरवतो. ती वाहणाऱ्याच्या पाठीची फिकीर कोण करणार? दुकानमालकांनी याचा विचार करावा. आम्ही उशिरा केला.