उंदराचं यकृत आणि आपली कपबशी

हिरवा चहा तुरट लागतो तो मुख्यतः कॅटेचिन या गटातल्या रसायनांमुळे. १९२९ मध्ये जपानच्या रिकेन संस्थेत मिचियो त्सुजिमुरा यांनी हिरव्या चहातून कॅटेचिन वेगळं काढलं. पुढे १९३२ मध्ये कृषिशास्त्रातली डॉक्टरेट मिळवणाऱ्या त्या जपानमधल्या पहिल्या महिला ठरल्या. हा तुरट पदार्थ पुढे दारूच्या दुष्परिणामांवरच्या संशोधनातही येऊन पोचला.

यकृतात दारूचं आधी अ‍ॅसिटाल्डिहाइड होतं. ते दारूपेक्षा जहाल. रोज पिणाऱ्याच्या यकृतात त्याशिवाय सीवायपी२ई१ नावाचं एक विकर वाढतं आणि ते काम करताना ऑक्सिजनचे उपद्रवी रेणू तयार होतात. उघड्या डब्यातलं शेंगदाण्याचं तेल खवट होतं ना, तेच या रेणूंमुळे पेशींच्या आवरणातल्या मेदाचं होतं. कॅटेचिन या उपद्रवी रेणूंना स्वतःचे इलेक्ट्रॉन देऊन थंड करतं.

पोलंडमधल्या ब्यालिस्तोक शहरातल्या संशोधकांनी २००२ च्या सुमारास उंदरांवर प्रयोग केले. दारूसोबत चहाही मिळालेल्या उंदरांच्या यकृतात, रक्तात आणि मेंदूतसुद्धा हा खवटपणा कमी आढळला. काळ्या चहानेही फायदा दाखवला. म्हणजे आपल्या रोजच्या काळ्या चहाच्या सीटीसी पावडरीलाही आशा! तिच्यातलं बरंचसं कॅटेचिन पानं चिरडून आंबवताना थिआफ्लेविनसारख्या संयुगांत बदलतं, आणि तीही याच कामाची आहेत. मग आपण त्यात दूध ओततो. दुधातलं केसीन हे प्रथिन या संयुगांना बिलगतं, त्यामुळे फायदा कदाचित कमीही होत असेल.

पण उंदरांना चहा दारूच्या जोडीनेच मिळत होता. वर्षानुवर्षं पिऊन बिघडलेल्या यकृताची दुरुस्ती चहाने होते, असं यातून निघत नाही. शिवाय माणसाच्या आतड्यातून कॅटेचिन फारच थोडं रक्तात उतरतं.

मग चहाच्या अर्काच्या गोळ्या घ्याव्यात? इथेच गंमत उलटते. वजन घटवण्यासाठी विकला जाणारा ‘एक्सोलीझ’ हा हिरव्या चहाचा अर्क फ्रान्स आणि स्पेनमध्ये २००३ साली बाजारातून मागे घ्यावा लागला. कारण होतं यकृताला झालेली इजा. आणि हा अर्क काढलेला होता अल्कोहोलच वापरून! २०१८ मध्ये युरोपीय अन्नसुरक्षा संस्थेने सांगितलं, की पूरक गोळ्यांतून ईजीसीजी हे कॅटेचिन दिवसाला ८०० मिलिग्रॅम किंवा जास्त घेतल्यास रक्तातली यकृतविकरं वाढू शकतात, म्हणजे यकृताला इजा होत असल्याची खूण दिसू शकते. गरम पाण्यात पानं घालून केलेला साधा चहा मात्र तिने सर्वसाधारणपणे सुरक्षित मानला. चहा घोटाघोटाने पोटात जातो. गोळीतला साठा एकदम यकृतावर येऊन आदळतो, त्यातही उपाशीपोटी घेतली तर जास्तच.