पाझर

नीरा उजव्या कालव्याच्या पाण्यावर ऊस पिकवणाऱ्या अकलूजकरांना चारी फुटणे म्हणजे काय, हे सांगावे लागत नाही. पाणी नको तिथे शिरते आणि उभे पीक सुकते. गर्भाशयाच्या किंवा बीजाशयाच्या कर्करोगाची शस्त्रक्रिया झालेल्या काही स्त्रियांच्या शरीरात असेच काहीसे घडते.

हा रोग लसिकाग्रंथींतून पसरू शकतो, म्हणून शल्यविशारद ओटीपोटातल्या ग्रंथी काढतात. त्या वेळी बारीक लसिकावाहिन्या तुटतात. बहुतेक आपोआप बुजतात. एखादी उघडी राहिली की लसिका पोटात साठते, नाहीतर टाक्यांतून वा योनिमार्गातून झिरपते. बाई लाजेने गप्प बसते आणि घरचे धरून चालतात, रोग उलटला! तपासणीआधीच धीर सोडण्याचे कारण नाही. मूत्रमार्गाला इजा झाली तरी असेच पाणी गळते. द्रवातले क्रिएटिनिन मोजले की लघवी कोणती आणि लसिका कोणती, ते कळते. कर्करोगाच्या पेशींची शंकाही तपासून फेडता येते. द्रव दुधासारखा पांढरा असेल, तर त्यात आतड्यातून आलेली चरबी असते.

उपचारही चारी दुरुस्त करण्यासारखाच. आधी वरचे पाणी कमी करायचे. नेमकी इथेच घरची माया आड येते. अंगात ताकद यावी म्हणून सासूबाई डिंकाचे लाडू, साजूक तूप, शेंगाचटणी पुढे करतात. पण हीच चरबी लसिकेतून वाहते आणि पांढरा पाझर वाढवते. म्हणून डॉक्टर स्निग्ध पदार्थ बंद करून साय काढलेले दूध, अंड्यातला पांढरा भाग, बिनफोडणीचे वरण देतात. कारण पाझरातून प्रथिनेही जातात. गरज पडल्यास ऑक्ट्रिओटाइडची इंजेक्शने असतात. साठलेला द्रव नळीने काढतात, पोकळीत औषध सोडून तिच्या भिंती चिकटवतात. तरीही भागले नाही, तर खसखशीच्या तेलापासून केलेले आयोडीनयुक्त औषध लसिकावाहिन्यांत सोडून क्ष-किरणांनी गळतीची जागा शोधतात. कित्येकदा तेच औषध ती बुजवते. पुन्हा शस्त्रक्रिया अगदी शेवटी.

मुळात चारी फुटण्याची वेळच येऊ नये, याचा मार्ग आपल्याच भागात सापडला आहे. १९८७ साली बार्शीत ग्रामीण कर्करोग नोंदणी सुरू झाली. पुढे बार्शीच्या नर्गिस दत्त रुग्णालयाच्या सहभागाने शेजारच्या तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यात सव्वा लाखाहून अधिक स्त्रियांचा अभ्यास झाला. २००९ साली त्याचा निष्कर्ष आला: एकदाच केलेल्या एचपीव्ही तपासणीने गर्भाशयमुखाच्या कर्करोगाचे मृत्यू जवळपास निम्म्यावर येतात. रोग होण्याआधीचा बदल हाती लागला, तर ग्रंथी काढण्याचा प्रश्नच उरत नाही.

शस्त्रक्रिया झालेल्या बाईने मात्र कपडा ओला झाला की त्याच दिवशी डॉक्टरांना सांगावे. ताप किंवा पोटात कळ असेल, तर रात्रही काढू नये.