विद्यापीठीय अध्यापकांच्या कार्यशाळा : सुरतेच्या वर्गखोलीतून एक विचार

मराठी व्याकरणकार दादोबा पांडुरंग तर्खडकर यांचे नाव महाराष्ट्रात सर्वांना परिचित आहे. परंतु त्यांच्या आयुष्यातील काही महत्त्वाची वर्षे सुरतेत गेली, हे फारसे कोणाच्या लक्षात नसते. तेथील इंग्रजी शाळेत ते काम करीत असताना दुर्गाराम मेहताजी या गुजराती शिक्षकाशी त्यांचा स्नेह जमला. १८४४ साली या शिक्षकांच्या पुढाकाराने सुरतेत मानवधर्म सभा स्थापन झाली. पुढे मुंबईस परतल्यावर दादोबांकडे नॉर्मल स्कूलचे, म्हणजे शिक्षक घडविणाऱ्या वर्गाचे काम आले. शिक्षकानेही शिकले पाहिजे व त्यासाठी स्वतंत्र व्यवस्था हवी, ही जाणीव पश्चिम भारतात निदान एवढी जुनी आहे. मात्र ती दीर्घकाळ शाळाशिक्षकापुरती मर्यादित राहिली. शाळेत शिकवायचे तर प्रशिक्षणाची पदवी हवी. महाविद्यालयात शिकवायचे तर विषयाचे ज्ञान पुरे, असाच समज रूढ झाला.

या समजाला शासकीय पातळीवर पहिला ठोस छेद १९८६ च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने दिला. त्यानुसार विद्यापीठ अनुदान आयोगाने निरनिराळ्या विद्यापीठांत अकॅडेमिक स्टाफ कॉलेजे सुरू केली. पहिल्या टप्प्यात त्यांची संख्या ४८ होती. नव्या अध्यापकांसाठी चार आठवड्यांचा उद्बोधन वर्ग आणि अनुभवी अध्यापकांसाठी तीन आठवड्यांचा उजळणी वर्ग अशी रचना होती. तासांचा हिशेब १४४ आणि १०८ असा ठरलेला होता. उद्बोधन वर्गाचे चार भाग होते : समाज, पर्यावरण व विकास यांचा शिक्षणाशी संबंध, शिक्षणाचे तत्त्वज्ञान व अध्यापनशास्त्र, ज्ञानसाधनांचा परिचय, आणि व्यवस्थापन व व्यक्तिमत्त्व विकास. २०१५ मध्ये या केंद्रांना मानव संसाधन विकास केंद्र असे नाव मिळाले आणि २०२३ च्या शिक्षकदिनी जाहीर झालेल्या मालवीय मिशनखाली ती शिक्षक प्रशिक्षण केंद्रे झाली. या मिशनात १११ केंद्रे धरली होती व बराचसा भाग ऑनलाइन ठेवण्यात आला. नावे तीन झाली. वर्गातील अध्यापन किती बदलले, हा प्रश्न मात्र वेगळा आहे.

सुरत हे शहर या प्रश्नाच्या विचारासाठी फार उपयुक्त आहे. येथील विद्यापीठ १९६५ मध्ये दक्षिण गुजरात विद्यापीठ म्हणून स्थापन झाले आणि २००४ मध्ये त्याला वीर नर्मद यांचे नाव देण्यात आले. (ज्या कवीने १८५८ मध्ये लेखनासाठी शिक्षकाची नोकरी सोडली, त्याचेच नाव विद्यापीठाला लाभावे, हा योगायोग मौजेचाच.) विद्यापीठाच्या परिसरात समाजशास्त्रज्ञ आय. पी. देसाई यांनी १९६९ मध्ये स्थापन केलेले सेंटर फॉर सोशल स्टडीज आहे. तेथे संशोधनपद्धतीचे वर्ग भरतात. १९६१ मध्ये सुरू झालेले प्रादेशिक अभियांत्रिकी महाविद्यालय २००२ नंतर राष्ट्रीय प्रौद्योगिकी संस्था म्हणून ओळखले जाते. सार्वजनिक एज्युकेशन सोसायटी तर १९१२ पासूनची. म्हणजे संस्थांची उणीव नाही.

उणीव दिसते ती वर्गात. सुरत महानगरपालिकेच्या प्राथमिक शाळा गुजराती, हिंदी, उर्दू, मराठी, ओडिया, तेलुगु व इंग्रजी अशा सात माध्यमांतून चालतात. लिंबायत, उधना, पांडेसरा, डिंडोली या भागांत खानदेशातून आलेल्या कुटुंबांची मोठी वस्ती आहे. घरात अहिराणी, शाळेत मराठी, रस्त्यावर हिंदी आणि महाविद्यालयात गुजराती किंवा इंग्रजी, असा या मुलाचा प्रवास असतो. विद्यापीठाच्या क्षेत्रात डांग व तापी हे आदिवासी जिल्हेही येतात. तेथील डांगी, कोकणी बोलीही प्रमाण गुजरातीपासून दूर आहेत. पदवीच्या पहिल्या वर्षाला वाणिज्य शाखेत बसलेल्या अशा विद्यार्थ्याला ‘घसारा’ ही कल्पना कळली नाही, की तिच्यासाठी वापरलेला शब्द कळला नाही, हे अध्यापकाने कसे ओळखावे? तो विद्यार्थी विचारत नाही. मागच्या बाकावर गप्प राहतो आणि परीक्षेत नापास होतो. त्याच्या घरातून महाविद्यालयात गेलेला तो बहुधा पहिलाच असतो. त्याचे गप्प राहणे ही कार्यशाळेची खरी कसोटी होय.

प्रचलित कार्यशाळा या कसोटीला अनेकदा उतरत नाहीत, आणि दोष सर्वस्वी अध्यापकांचा नाही. वर्गाचे प्रमाणपत्र पदोन्नतीशी जोडले गेल्यामुळे हजेरी महत्त्वाची ठरली. २०१० च्या नियमावलीने गुणांकन आणले, तेव्हा प्रमाणपत्रांची मोजदाद आणखी वाढली. २०१८ मध्ये ते गुणांकन गेले, पण सवय गेली नाही. पूर्वी चार आठवड्यांसाठी अहमदाबाद किंवा राजकोट गाठावे लागे. लहान मुले असलेल्या अध्यापिकांना ते किती अवघड होते, हे सांगावयास नको. २०२० च्या टाळेबंदीत वर्ग घरी आले आणि कॅमेरा बंद ठेवून हजेरी लावण्याची सोयही झाली. शिवाय, व्याख्यानपद्धतीचे दोष सांगणारी दीड तासाची व्याख्याने हा तर नेहमीचाच अनुभव!

वास्तविक सुरतेच्या शेजारीच याहून चांगला नमुना होता. बडोद्याच्या महाराजा सयाजीराव विद्यापीठातील शिक्षणशास्त्राच्या प्रगत केंद्रात १९७० च्या दशकात सूक्ष्म अध्यापनावर भरीव काम झाले. बी. के. पासी यांचे त्यावरील पुस्तक १९७६ मध्ये निघाले. मूळ कल्पना १९६० च्या दशकातील अमेरिकेतील स्टॅनफर्ड विद्यापीठाची. भारतात रूढ झालेले तिचे चक्र ३६ मिनिटांचे आहे. सहा मिनिटे शिकवायचे, सहा मिनिटे सहकाऱ्यांचे अभिप्राय ऐकायचे, बारा मिनिटांत पाठ पुन्हा आखायचा, सहा मिनिटे पुन्हा शिकवायचे आणि सहा मिनिटे पुन्हा अभिप्राय. एका वेळी एकच कौशल्य घ्यावयाचे, जसे प्रश्न विचारणे, उदाहरण देणे किंवा फळ्याचा वापर. बी.एड.च्या विद्यार्थ्यांना हे सर्व परिचित आहे. विद्यापीठीय अध्यापकाला मात्र ते क्वचितच करावयास लावले जाते. वीस वर्षे शिकविलेल्या माणसाला सहकाऱ्यांपुढे सहा मिनिटे शिकविताना संकोच वाटतो. पण याच संकोचातून शिकण्याची सुरुवात होते.

अलीकडचे दुसरे उदाहरण आय.आय.टी. मुंबईचे. प्रा. दीपक फाटक यांच्या पुढाकाराने २००९ च्या सुमारास तेथून देशभरच्या दूरस्थ केंद्रांतील अभियांत्रिकी अध्यापकांसाठी एकाच वेळी कार्यशाळा घेण्यास प्रारंभ झाला. पुढे तेथील शैक्षणिक तंत्रज्ञान विभागाच्या सहाना मूर्ती, श्रीधर अय्यर आदींनी अशा कार्यशाळांची विशिष्ट रचना मांडली. तिचा गाभा असा की अध्यापकाने प्रथम स्वतः विद्यार्थ्याच्या जागी बसून ती पद्धत अनुभवायची, मग आपल्याच विषयाचा पाठ तीत बसवायचा, तो प्रत्यक्ष वर्गात घ्यायचा आणि शेवटी विद्यार्थी काय शिकले हे तपासायचे. प्रमाणपत्रापाशी थांबणाऱ्या कार्यशाळेत हीच शेवटची पायरी गळालेली असते.

ही पायरी एवढी महत्त्वाची का, याचे उत्तर अमेरिकन अभ्यासक थॉमस गस्की यांनी १९८६ मध्ये दिले. सामान्य समज असा की आधी शिक्षकाचे मत बदलते, मग त्याचे शिकविणे बदलते. गस्की यांच्या मते क्रम उलटा आहे. नवी पद्धत वापरल्यावर आपले विद्यार्थी अधिक शिकले, हे डोळ्यांनी पाहिल्यावरच शिक्षकाचे मत बदलते. हे खरे असेल तर भाषणाने मतपरिवर्तन करू पाहणारी कार्यशाळा मुळातच चुकीच्या टोकापासून सुरू होते. गिब्ज व कॉफी यांनी २००४ मध्ये आठ देशांतील २२ विद्यापीठांचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्यांनी पाहिलेली प्रशिक्षणे चार ते अठरा महिने चाललेली होती. प्रशिक्षित अध्यापक विद्यार्थिकेंद्री होत गेले. ज्यांना प्रशिक्षण मिळाले नाही, त्यांच्यात तशी सुधारणा दिसली नाही. उलट काही बाबतींत पीछेहाटच झाली. म्हणजे केवळ अनुभवाने माणूस चांगला शिक्षक होतो, या विधानावर फार विसंबता येत नाही.

सुरतेच्या संदर्भात याचा अर्थ काय? विषयतज्ज्ञाच्या भाषणाऐवजी कार्यशाळेत एक साधे काम द्यावे. प्रत्येक अध्यापकाने आपल्या विषयातील दहा पारिभाषिक शब्द निवडावेत आणि ते आपल्या वर्गातील मराठी, ओडिया, उर्दू माध्यमातून आलेल्या विद्यार्थ्यांना कोणत्या नावाने माहीत आहेत, हे त्यांनाच विचारून लिहून आणावे. तासाच्या शेवटी दोन मिनिटे ठेवून ‘आज काय कळले नाही’ हे एका चिठ्ठीवर, हव्या त्या भाषेत, नाव न घालता लिहून घ्यावे. मागच्या बाकावरचा विद्यार्थी तोंडाने बोलत नाही, पण चिठ्ठीवर लिहितो. या चिठ्ठ्या घेऊन अध्यापकांनी पंधरा दिवसांनी पुन्हा एकत्र यावे. यासाठी प्रवासभत्ता लागत नाही, सभागृह लागत नाही. सुरतेतील अनेक महाविद्यालये सकाळच्या सत्रात भरतात, तेव्हा दुपार मोकळी असते. अडचण येते ती दुसऱ्याच ठिकाणी. कनिष्ठ सहकाऱ्याने वरिष्ठांच्या तासाला जाऊन बसणे आपल्याकडे अजून उद्धटपणाचे मानले जाते. प्राचार्यांनी पहिल्यांदा स्वतःच्या तासाचे दार उघडले, तर बाकीची दारे उघडण्यास फार वेळ लागणार नाही.