प्रेमाने छिन्नमनस्कता बरी होते का?

प्रेम आणि मनोविकार यांची सांगड घालणारे चित्रपट बहुतेकदा एकाच वळणावर संपतात: जिवाभावाचे माणूस भेटते आणि आजार मागे पडतो. ‘सिल्व्हर लायनिंग्ज प्लेबुक’ (२०१२) या गाजलेल्या अमेरिकी प्रेमकथेचा नायक द्विध्रुवी विकाराचा रुग्ण आहे. तो औषधेही घेऊ लागतो. पण प्रेक्षकाच्या लक्षात राहतो तो नाच आणि शेवटचे मीलन. सुमित्रा भावे आणि सुनील सुकथनकर यांचा ‘देवराई’ (२००४) ही सोपी वाट घेत नाही. अतुल कुलकर्णी यांनी उभा केलेला शेष हा कोकणातला बुद्धिमान तरुण. त्याला देवराईचा ध्यास आहे, नात्यातल्या कल्याणीची ओढ आहे आणि छिन्नमनस्कता, म्हणजेच स्किझोफ्रेनियाही आहे. त्याला सावरण्यासाठी धडपडते ती बहीण सीना, आणि तिच्या जोडीला लागतात मानसोपचार. ही मांडणी विज्ञानाला धरून आहे.

छिन्नमनस्कता बहुधा विशीच्या आसपास सुरू होते. नसलेले आवाज ऐकू येतात, कुणीतरी आपल्या वाईटावर आहे असा पक्का संशय बसतो, बोलण्याची संगती तुटते, माणूस एकलकोंडा होतो. आनुवंशिकतेचा वाटा मोठा असला तरी ते एकमेव कारण नाही. मेंदूतील डोपामिन या रसायनाच्या कार्यातला बिघाड भास-भ्रमांशी जोडलेला आहे. १९५२ साली फ्रान्समध्ये क्लोरप्रोमाझिनचा वापर सुरू झाला आणि औषधांनी हे भास आटोक्यात येतात हे स्पष्ट झाले. प्रेमभंगामुळे हा आजार जडत नाही आणि प्रेम मिळाल्याने तो जात नाही.

तरीही घरातल्या मायेचा आजारावर परिणाम होतो, आणि तो मोजताही आला आहे. लंडनमध्ये जॉर्ज ब्राउन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी रुग्णांच्या नातेवाइकांच्या सविस्तर मुलाखती घेतल्या. ते रुग्णाविषयी किती टीकेने बोलतात, किती वैराने बोलतात, किती अतिकाळजी करतात, याची नोंद केली. १९७६ मध्ये क्रिस्टीन वॉन आणि ज्युलियन लेफ यांनी अशा अभ्यासांचे आकडे एकत्र मांडले. टीका आणि अतिकाळजी जास्त असलेल्या घरांत नऊ महिन्यांत सुमारे ५१ टक्के रुग्णांचा आजार उलटला. शांत घरांत हे प्रमाण १३ टक्के होते. चंडीगडच्या पाहणीत अशी तापलेली घरे लंडनपेक्षा बरीच कमी आढळली. तरी ‘कामाचा कंटाळा म्हणून सोंग करतो’ हे आपल्याकडेही ऐकू येणारे वाक्य रुग्णाला खरोखर इजा करते. जाणत्या मुलाला हाताने भरवत राहणे, क्षणभरही एकटे न सोडणे, हेही तितकेच जाचक. कुटुंबाला आजार समजावून सांगितला आणि औषधे चालू राहिली, तर आजार उलटण्याचे प्रमाण घटते.

सर्वांत घातक समजूत लग्नाची आहे. ‘दोनाचे चार हात झाले की ताळ्यावर येईल’ म्हणून आजार लपवून सोयरीक जमवली जाते. लग्नाची दगदग, जागरणे आणि कुणाला कळू नये म्हणून बंद केलेल्या गोळ्या यांनी नेमका तेव्हाच आजार उसळतो. दोष मात्र नव्या सुनेच्या पायगुणाला लागतो. हा तिच्यावर उघड अन्याय आहे. उपचार घेणाऱ्या माणसाने लग्न करू नये असे मुळीच नाही. मात्र आजार जोडीदाराला आधी ठाऊक हवा.

जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजाने सुमारे ३०० माणसांत एकाला हा आजार असतो. २०११ च्या जनगणनेनुसार पावणेबारा लाख लोकसंख्येच्या हिंगोली जिल्ह्यात या हिशेबाने जवळपास ४ हजार रुग्ण असावेत. राज्याची चार जुनी मनोरुग्णालये ठाणे, पुणे, नागपूर आणि रत्नागिरीत आहेत. हिंगोलीतल्या औंढा किंवा सेनगावहून तिथे वारंवार जाणे शेतमजुराला परवडत नाही. म्हणून जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रमातून जवळपास मिळणाऱ्या तपासणीचे आणि औषधांचे मोल मोठे. जवळ मानसोपचारतज्ज्ञ नसेल, तर ‘टेलिमानस’ या मानसिक आरोग्य हेल्पलाइनच्या १४४१६ या क्रमांकावर दिवसरात्र विनामूल्य सल्ला मिळतो. घरात कुणाला असे भास होत असतील, तर स्थळे पाहण्याआधी हा फोन करावा.